ताशी ३५ किलोमीटर

गाडी कुठलीही असो, आपल्याकडे तिच्याबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात. ॲव्हरेज किती देते, आणि टॉप किती जाते? हायब्रिड गाडीच्या बाबतीत, त्यातही घरच्या प्लगवर चार्ज होणाऱ्या प्लग-इन हायब्रिडच्या बाबतीत, मला तिसराच प्रश्न जास्त इंटरेस्टिंग वाटतो. इंजिन अजिबात सुरू न करता, नुसत्या बॅटरीवर ती टॉप किती जाते? टोयोटाची प्लग-इन प्रियस २०१२ साली बाजारात आली तेव्हा तिचं उत्तर होतं ताशी १०० किलोमीटर. त्याच्यावर गेलात की इंजिन सुरू झालंच म्हणून समजा. पोर्शेची पॅनामेरा एस ई-हायब्रिड २०१३ साली आली, ती विजेवर १३५ पर्यंत जायची. त्याच कंपनीची ९१८ स्पायडर विजेवर १५० आणि इंजिन जोडीला घेतलं की ३४५!

हे आकडे असे मध्येच का अडकतात? एक कारण अगदी फर्स्ट इयरचं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने. म्हणजे वेग दुप्पट केला तर फक्त हवेसाठी आठपट पॉवर मोजावी लागते. प्लग-इनची मोटर आणि बॅटरी इंजिनाच्या मानाने लहान असतात, त्या एका जागी येऊन दमतात. प्रियसमध्ये आणखी एक भानगड आहे. तिथे प्लॅनेटरी गिअरने इंजिन, मोटर आणि जनरेटर एकमेकांना बांधलेले असतात. इंजिन बंद ठेवून गाडी पळवली तर बिचारा जनरेटर उलटा गरगरत राहतो, वेग वाढेल तसा आणखी जोरात. त्याची सहनशक्ती संपली की इंजिनला फिरावंच लागतं. शिवाय बॅटरी पाच-दहा मिनिटांत रिकामी होऊ नये म्हणून कंपन्या मुद्दामही लगाम घालतात.

टीईच्या सेमिनारसाठी मी हा विषय घेतला आणि लायब्ररीत मागे मागे जात १९०० सालापर्यंत पोचले. तिथे एक पंचविशीतला मुलगा भेटला. त्याच्या हायब्रिड गाडीचा टॉप स्पीड होता ताशी ३५ किलोमीटर, आणि तो विजेवर आणि इंजिनावर एकच होता! फरक शून्य. तो कसा ते पुढे सांगते. मुलाचं नाव फर्डिनांड पोर्शे. हॉस्टेलच्या भिंतींवर ज्याच्या आडनावाची पोस्टर्स असतात तोच. मेकॅनिकलवाले त्याला आपला देव समजतात, पण मित्रहो, तो मुळात आमचा. इलेक्ट्रिकलचा!

पोर्शेचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ चा. गाव माफर्सडॉर्फ, उत्तर बोहेमियात. तेव्हा हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज ते गाव चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्स शहराचा भाग आहे. वडील आंटोन पत्र्याचं काम करायचे. मुलाने दुकान पुढे चालवावं ही त्यांची अपेक्षा, आणि मुलाचं सगळं लक्ष विजेकडे. गावात गिन्झकी यांचा गालिच्यांचा मोठा कारखाना होता आणि तिथे विजेचे दिवे आले होते. ते बघून हा पोरगा पार खुळावला. दिवसभर बापाबरोबर पत्रे ठोकायचे आणि संध्याकाळी शेजारच्या रायशेनबर्गच्या तांत्रिक शाळेत जायचं, असा त्याचा दिनक्रम. घरात वीज त्याने स्वतःच्या हाताने बसवली. अठराव्या वर्षी, १८९३ मध्ये, तो व्हिएन्नाला गेला आणि बेला एगर या विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत चिकटला.

इथला एक भाग मला फार आवडतो. काम संपल्यावर तो व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात चोरून लेक्चरला बसायचा. ॲडमिशन नाही, फी भरलेली नाही, अटेंडन्सचा तर प्रश्नच नाही. आपल्याकडे ॲडमिशन घेतलेली मंडळी लेक्चर चुकवून कँटीनला बसतात आणि मग डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव शोधतात, त्या पार्श्वभूमीवर हे जरा जास्तच टोचतं. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री कधीच नव्हती. पुढे १९१७ मध्ये त्याच विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली, आणि मानद डॉक्टरची उपाधी अजूनही त्याच्या कंपनीच्या अधिकृत नावात, अगदी सुरुवातीला, लावलेली आहे.

एगरकडून तो शतक संपता संपता लोनरकडे गेला. याकोब लोनर कंपनी म्हणजे राजघराण्यासाठी घोड्यांच्या बग्ग्या बनवणारी, प्रतिष्ठेची. मालक लुडविग लोनर यांना दिसत होतं की घोड्याचे दिवस भरत आलेत. पेट्रोलची गाडी त्या काळात आवाज करायची, धूर सोडायची, हँडल मारून चालू करावी लागायची. गिऱ्हाईक तर राजेरजवाडे. त्यांना शांत गाडी हवी होती, म्हणजे विजेची.

पोर्शेने मोटर थेट चाकाच्या तुंब्यात बसवली. गिअर नाही, साखळी नाही, लांबलचक शाफ्ट नाही, वाटेत घर्षणात काही वाया जायला नको. पुढची दोन्ही चाकं म्हणजेच दोन मोटर. ही गाडी १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली आणि लोनर-पोर्शे हे नाव झालं. ही कल्पना पुढे कुठवर गेली म्हणाल, तर १९७१ मध्ये चंद्रावर फिरलेल्या नासाच्या रोव्हरच्याही चारही चाकांत मोटरच होत्या.

आता यातली गोम. गिअर नसला की चाक एकदा फिरलं तर मोटरही एकदाच फिरते. चाकाचा व्यास एक मीटर धरला तर ताशी ३५ किलोमीटरला मोटर मिनिटाला फक्त १८०-१९० वेळा फिरेल. आपल्या लॅबमधली मोटर १५०० ने फिरते! इतक्या सावकाश फिरून पॉवर काढायची तर टॉर्क भरपूर हवा, टॉर्क हवा तर लोखंड आणि तांबं भरपूर हवं. त्यामुळे पोर्शेच्या हायब्रिडचं पुढचं एकेक चाक २७२ किलोचं झालं. आमच्या डीसी मशीनच्या व्हायव्हाला विचारतात तो प्रश्नही इथेच लागू पडतो. मोटर जसजशी जोरात फिरते तसतसा तिच्यातला उलटा व्होल्टेज वाढतो आणि बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ आला की करंट आत घुसणं कमी होतं. व्होल्टेज ऐंशी-नव्वद असेल तर छत कुठेतरी खालीच लागणार.

म्हणजे विजेची गाडी तेव्हा हळू असायची असं मात्र अजिबात नाही. त्याच्या एक वर्ष आधी, २९ एप्रिल १८९९ ला, पॅरिसजवळ आशेर इथे बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने बॅटरीवरची, पाणतीराच्या आकाराची गाडी ताशी १०५.८८ किलोमीटरने पळवली होती. माणसाने रस्त्यावरच्या गाडीतून शंभरी पहिल्यांदा ओलांडली ती विजेवर. पण तो विक्रम जेमतेम काही क्षणांचा. त्या गाडीचं फ्रेंच नाव होतं ‘कधीही समाधानी नसणारी’. इंग्लंडमधल्या ल्यूटनच्या हार्ट नावाच्या गृहस्थांनी पोर्शेकडून चारही चाकांत मोटर असलेली रेसिंगची गाडी बनवून घेतली, तेव्हा तिचं नाव ठेवलं ‘नेहमी समाधानी असणारी’. नाव छान, पण तिच्या बॅटऱ्यांचंच वजन १८०० किलो भरलं. एवढं ओझं वाहायला पुन्हा पॉवर, पॉवरसाठी पुन्हा बॅटरी. बॅटरीच्या मागे लागलं की हे चक्र थांबत नाही, हे त्याच्या लक्षात आलं असणार.

मग त्याने बॅटरी कमी केली. ७४ सेलच्या जागी ४४. मोकळ्या झालेल्या जागेत दोन छोटी द दिओं-बुतों पेट्रोल इंजिनं बसवली, प्रत्येकी साडेतीन हॉर्सपॉवरची. प्रत्येक इंजिनाला एक जनरेटर. एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं स्वतंत्रपणे चालू. इंजिनाचा आणि चाकाचा कसलाही संबंध नाही. इंजिनाने फक्त वीज बनवायची, चाक फिरवायचं काम कायम मोटरचं. म्हणूनच वर म्हटलं की फरक शून्य. इंजिन चालू असो वा बंद, गाडी जाणार ती मोटरच्याच जोरावर, ताशी ३५. बॅटरीत दम असेपर्यंत नुसत्या विजेवर जायचं, मग इंजिनाला हाक मारायची. जनरेटरलाच उलटी वीज देऊन त्याचा स्टार्टर करायचा, म्हणजे हँडल मारायला नको. गाडीचं नाव त्याने लॅटिनमध्ये ठेवलं, सेम्पर व्हिवुस. नेहमी जिवंत. सुमारे २०० किलोमीटरचा पल्ला ती गाठायची. जगातली पहिली चालणारी पूर्ण हायब्रिड म्हणून तीच ओळखली जाते.

थोडं गणित करते, नाहीतर इलेक्ट्रिकलच्या मुलीने लेख लिहिला असं कोणाला वाटणार नाही. एक जनरेटर ९० व्होल्टला २० अँपिअर द्यायचा, म्हणजे १.८ किलोवॉट. दोन मिळून ३.६. चाकातल्या मोटर प्रत्येकी २.७ हॉर्सपॉवरच्या, दोन मिळून जवळजवळ ४ किलोवॉट. म्हणजे पूर्ण वेगात जाताना इंजिनांची वीज थोडी कमीच पडणार आणि वरची बॅटरीतून येणार. तोटे तर मी धरलेच नाहीत. हळू जाताना उलट, उरलेली वीज बॅटरीत. आजच्या हायब्रिडमध्ये कॉम्प्युटर जे करतो त्याचा हा हिशोब एका पत्र्याच्या कारागिराच्या मुलाने १९०० साली बसवला होता. पोर्शे म्युझियमने जुन्या ड्रॉइंग्ज आणि फोटोंवरून या गाडीची चालणारी प्रत बनवली आणि २०११ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये ठेवली.

१९०१ मध्ये त्याच कल्पनेची गिऱ्हाइकाला विकण्याजोगी आवृत्ती आली, मिक्स्ट. आता एकच मोठं डेमलरचं चार सिलिंडरचं २५ हॉर्सपॉवरचं इंजिन, बॅटरी अगदी छोटी. गाडी पळायला लागली, पण नुसत्या विजेवर जायची सोय तिथेच आटली. मला तरी वाटतं, पोर्शेच्या आयुष्यातला पहिला फाटा इथे फुटतो. पल्ला आणि शांतता मागे राहिली, वेग पुढे आला. १९०२ मध्ये सैन्याच्या सरावाच्या वेळी युवराज फ्रान्झ फर्डिनांड याला पोर्शेने स्वतः गाडी चालवत फिरवलं. याच युवराजाचा पुढे १९१४ मध्ये सारायेव्होला खून झाला आणि पहिलं महायुद्ध पेटलं.

लोनर-पोर्शे गाड्या सुमारे ३०० बनल्या. महाग होत्या, जड होत्या, आणि पोर्शेचे प्रयोग मालकांना परवडेनासे झाले. १९०६ मध्ये तो ऑस्ट्रो-डेमलरमध्ये तांत्रिक प्रमुख म्हणून गेला. तिथे पेट्रोलच्या गाड्या, रेस, बक्षिसं. १९१० च्या प्रिन्स हाइनरिश शर्यतीत पहिले तीनही नंबर त्याच्या गाड्यांचे आणि पहिल्या गाडीच्या स्टिअरिंगवर तो स्वतः.

पण चाकातली मोटर त्याने टाकून दिली नव्हती. पहिल्या महायुद्धात तिने वेगळंच रूप घेतलं. ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे स्कोडाच्या अवजड तोफा होत्या, घोड्यांनी ओढणं शक्य नव्हतं. पोर्शेने रस्त्यावरची आगगाडी बनवली. पुढच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणि जनरेटर, तिथून केबल मागच्या गाड्यांपर्यंत, आणि त्या गाड्यांच्या चाकांत मोटर. त्यामुळे प्रत्येक डबा स्वतःच स्वतःला ढकलायचा. चाकं बदलली की हीच गाडी रुळांवर. तांत्रिक दृष्ट्या ही गोष्ट इतकी सुंदर आहे की ती नेत काय होती हे विसरायला होतं. डॉक्टरेट मिळाली ती याच वर्षांत.

पुढची पंधरा वर्षं मी भराभर सांगते. १९२३ मध्ये स्टुटगार्टला डेमलर, तिथे सुपरचार्जरच्या मर्सिडीज गाड्या. मग भांडण. १९२९ ला ऑस्ट्रियात स्टायर, तेही टिकलं नाही. माणूस हुशार, कष्टाळू आणि भयंकर तापट, शिवाय खर्चाचं भान कमी, त्यामुळे नोकरी फार दिवस जमायचीच नाही. १९३१ मध्ये त्याने स्टुटगार्टलाच स्वतःचं डिझाइन ऑफिस काढलं. यात भागीदार तीन. ८० टक्के पोर्शेचे, १० टक्के जावई आंटोन पिएख याचे आणि १० टक्के आडोल्फ रोझेनबर्गर याचे. रोझेनबर्गर स्वतः नावाजलेला रेसर, आणि सुरुवातीच्या कडकीत पैशाची बाजू सांभाळणारा. तो ज्यू होता. हे लक्षात ठेवा. १९३२ मध्ये पोर्शे सोव्हिएत रशियाचे कारखाने बघून आला, तिथे मोठ्या पदाची ऑफरही होती, ती त्याने नाकारली.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या, शर्यतीत जगाला हरवणाऱ्या जर्मन गाड्या आणि सामान्य जर्मन माणसाला परवडेल अशी छोटी गाडी. पोर्शेच्या डोक्यात या दोन्हींची डिझाइन्स आधीपासून तयार. पैसे मात्र कोणी देत नव्हतं. आता मिळाले. ऑटो युनियनसाठी त्याने १६ सिलिंडरची, इंजिन मागे असलेली रेसकार केली. त्याच घराण्यातल्या विक्रमी गाडीत बेर्न्ड रोझमायर २८ जानेवारी १९३८ ला फ्रँकफुर्ट-डार्मश्टाट महामार्गावर ताशी ४०० च्या वर असताना गेला. तरीही वेगाची भूक संपेना. मर्सिडीजसाठी ताशी ६०० च्या वर जाणारी टी-८० ही गाडी पोर्शेने आखली. ती बनली, पण युद्ध सुरू झालं आणि ती कधी धावलीच नाही.

छोटी गाडी म्हणजे फोक्सवॅगन, आपण जिला बीटल म्हणतो ती. करार १९३४ चा. १९३७ मध्ये पोर्शे नाझी पक्षाचा सदस्य झाला. १९३८ मध्ये कारखान्याची पायाभरणी हिटलरच्या हस्ते. दर आठवड्याला पैसे भरून स्टँप चिकटवायचे, कार्ड भरलं की गाडी, अशी योजना निघाली. सुमारे ३,३६,००० लोकांनी पैसे भरले. एकालाही ठरल्याप्रमाणे गाडी मिळाली नाही, कारण कारखाना युद्धाच्या कामाला जुंपला गेला.

आणि रोझेनबर्गर? १९३५ मध्ये त्याचा हिस्सा मूळ किमतीला काढून घेण्यात आला, म्हणजे कवडीमोलाने. त्याच वर्षी गेस्टापोने त्याला पकडून किस्लाऊच्या छळछावणीत टाकलं. सुटल्यावर तो देश सोडून गेला.

या कारखान्याबद्दल वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. युद्धकाळात तिथे पोलंड, रशिया, फ्रान्स, इटली अशा देशांतून आणलेल्या लोकांकडून सक्तीने काम करून घेतलं गेलं, सगळे मिळून सुमारे वीस हजार. छळछावण्यांतले कैदीही होते, आणि ते मिळावेत म्हणून पोर्शेने स्वतः वर खटपट केली. सक्तीच्या मजूर बायकांची तान्ही मुलं त्यांच्यापासून काढून रुहेन इथल्या, कारखान्याच्याच ताब्यातल्या पाळणाघरात ठेवली जात. तिथे तीनशेहून जास्त बाळं मेली. तिथल्या डॉक्टरला युद्धानंतर फाशी झाली. हे सगळं कोणा शत्रूने लिहिलेलं नाही. फोक्सवॅगन कंपनीनेच इतिहासकार हान्स मॉम्झेन यांच्याकडून अभ्यास करून घेतला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या चाकणला २००९ पासून याच कंपनीचा कारखाना आहे आणि आपल्यातले कितीतरी जण तिथे व्हिजिटला जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता पुन्हा हायब्रिडकडे. १९४१-४२ मध्ये जर्मनीला जड रणगाडा हवा होता. हेन्शेल आणि पोर्शे यांच्यात स्पर्धा लागली. पोर्शेचा आराखडा बघितला तर अंगावर काटा येतो. दोन पेट्रोल इंजिनं, प्रत्येकाला एक जनरेटर, आणि दोन इलेक्ट्रिक मोटर, डाव्या आणि उजव्या पट्ट्यासाठी एकेक. इंजिनाचा पट्ट्याशी थेट संबंध नाही. म्हणजे सेम्पर व्हिवुसच, चाळीस वर्षांनंतर, साठ टनांची. आणि कागदावरचा टॉप स्पीड? ताशी ३५ किलोमीटर!

२० एप्रिल १९४२ ला, हिटलरच्या वाढदिवशी, दोन्ही रणगाडे त्याच्यासमोर चालवून दाखवले. पोर्शेची इंजिनं तापायची, बिघडायची, आणि मोटर-जनरेटरला लागणारं तांबं त्या काळात जर्मनीकडे मुळातच कमी. हेन्शेलचा रणगाडा निवडला गेला, तोच टायगर. पण पोर्शेचे सांगाडे आधीच बनून पडले होते. त्यातल्या नव्वदेकांवर लांब नळीची तोफ चढवली, इंजिनं मायबाखची टाकली, मोटर तशाच ठेवल्या आणि या रणगाडाविरोधी तोफगाडीला नाव दिलं फर्डिनांड. त्या १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत उतरल्या.

त्याहून अचाट म्हणजे माऊस. म्हणजे उंदीर! वजन १८८ टन. हाही पेट्रोल-इलेक्ट्रिक, वेग ताशी २० च्या आत-बाहेर. एवढं वजन कुठलाही पूल झेलणार नाही, म्हणून त्याने नदी तळातून पार करायची ठरलं. पाण्याखाली इंजिन कसं चालणार? मग योजना अशी, की काठावर दुसरा माऊस उभा करायचा, त्याने वीज बनवायची आणि केबलने पाण्यातल्या माऊसला पुरवायची. म्हणजे इंजिन बंद, नुसत्या मोटरवर, बाहेरच्या प्लगवरून. सेमिनारमध्ये मी ही स्लाइड टाकली तेव्हा सरांनी विचारलं की विषय प्लग-इनचा, इथे रणगाडा कशाला? केबलची गोष्ट सांगितल्यावर वर्ग हसला. सर हसले नाहीत, पुढची स्लाइड म्हणाले. माऊसचे दोनच नमुने बनले. त्यांच्या भागांतून जुळवलेला एक मॉस्कोजवळ कुबिंकाच्या संग्रहालयात आहे.

आमच्या ग्रुपमध्ये यावर वाद झाला. एक मित्र म्हणतो, इंजिनिअरचं काम डिझाइन करणं, ते कोण कुठे वापरतो याची जबाबदारी त्याच्यावर कशी? युवराज असो, सम्राट असो, हिटलर असो, पोर्शे फक्त यंत्र करत होता, त्याला राजकारणात रसच नव्हता. त्याची बाजू घेणारे आजही हेच सांगतात. मला ते पटत नाही. रणगाड्याचं एक वेळ सोडून देऊ, युद्धात सगळ्याच देशांचे इंजिनिअर शस्त्रं करत होते. पण मजूर कुठून आणायचे याची खटपट करणं हे डिझाइन नाही. भागीदाराचा हिस्सा कवडीमोलाने घेणं हेही डिझाइन नाही. दुसरीकडे हेही खरं की चोरून लेक्चरला बसणारा तो पोरगा मला अजून आवडतो, आणि तो आवडणं मला थांबवता येत नाही. मित्र म्हणतो, तू दोन्ही दगडांवर पाय ठेवतेयस. असेन.

युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी पोर्शेला डिसेंबर १९४५ मध्ये अटक केली. आधी त्याच्याकडून रेनोच्या छोट्या गाडीबद्दल सल्ला घेतला, मग दिजाँच्या तुरुंगात टाकलं. वय सत्तर, थंडी, तब्येत ढासळली. मुलगा फेरी आधी सुटला होता. त्याने इटलीच्या चिसितालिया कंपनीसाठी रेसकारचं डिझाइन केलं आणि त्या पैशांतून वडिलांचा जामीन भरला. ऑगस्ट १९४७ मध्ये म्हातारा बाहेर आला. फेरीने ऑस्ट्रियातल्या ग्म्युंडच्या शेडमध्ये केलेली पहिली पोर्शे ३५६ जून १९४८ मध्ये रस्त्यावर आली. बीटल मागे प्रत्येकी रॉयल्टीही कुटुंबाला मिळू लागली. पुढे एकूण २ कोटी १५ लाख बीटल निघाल्या, शेवटची २००३ मध्ये मेक्सिकोत.

नोव्हेंबर १९५० मध्ये तो वोल्फ्सबुर्गचा कारखाना बघून आला. त्यानंतर लवकरच त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि ३० जानेवारी १९५१ ला स्टुटगार्टला तो गेला. ऑस्ट्रियात त्सेल आम झे इथल्या कुटुंबाच्या इस्टेटीवरच्या छोट्या चॅपेलमध्ये त्याला ठेवलं आहे.

रोझेनबर्गर अमेरिकेत नाव बदलून राहत होता. त्याने कंपनीवर दावा लावला. पोर्शे हयात असतानाच, १९५० मध्ये, तडजोड झाली. त्याला ५०,००० मार्क आणि एक गाडी मिळाली.